मालनबाईचं नाक

साहेबरावनं पाइपचा पहिला फटका फकिराच्या नडगीवर हाणला, दुसरा पाठीत. तिसऱ्याला फकिरा खालीच बसला. मी पाण्याच्या टाकीत डावा हात खांद्यापर्यंत बुडवून उभा होतो अन बघत होतो. हाताला वितळलेलं प्लास्टिक चिकटून बसलेलं. ओढायला गेलो तर त्याच्यासंगं माझंच सालटं यायला लागलं, म्हणून ओढायचं सोडून दिलं.

"पांढऱ्या ढिगावर कोण बसलं व्हतं?" साहेबराव विचारत होता.

"मी होतो भाऊ. मी अन मालनमावशी."

"मावशीचं नाव घेतो व्हय रे? तिचं नाक सगळ्या वाळूजला म्हाईत हाय. तूच बसला आसशील तंबाखू चोळत."

अन चौथा फटका.

साहेबराव माझ्या बायकोचा भाऊ, कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नाही, पण त्याचे हात आधी चालतात अन डोकं मागून येतं. बहिणीचा नवरा भाजलेला बघितला अन हाताला लागलं ते त्यानं उचललं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. हाताची आग होत होती ना. वाटत होतं, हाण अजून एक.

झालं असं होतं. आमच्या कारखान्यात भंगार प्लास्टिकचा दाणा करतात. मी मशीनवर. मशीन म्हणजे चकलीचा सोऱ्याच समजा. लांब लोखंडी नळा, आत स्क्रू फिरतो, बाहेरून तापवतात. एका तोंडातून तुकडे टाकायचे, दुसऱ्या तोंडातून दोऱ्या निघतात, त्या कापल्या की दाणा. पण आत एकाच वाणाचा माल पाहिजे. भेसळ झाली तर बहुतेक वेळा माल वाया जातो, दुसरं काही नाही. दोन वाण मात्र असे आहेत की नळ्यात एकमेकाला भेटले तर माणूस मारतील. एक पीव्हीसी, म्हणजे पाइपाचं अन खिडक्यांच्या चौकटीचं. दुसरं पॉम, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांतून येणारे गुळगुळीत पांढरे गिअर, क्लिपा. दोघं गरमीत एक झाले की आत वाफ कोंडते.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला नळा आधी घुरघुरला. मी बटणाकडं हात नेला अन पुढचं तोंडच उडालं. जाळी, बोल्ट, सगळं समोरच्या पत्र्यात घुसलं. गरम लगदा माझ्या हातावर अन छातीवर. वर तो धूर, डोळ्यांत मिरची कोंबावी तसा. मी ओरडलो का ते मला आठवत नाही. लोक म्हणतात, लई ओरडलो.

माल निवडणारे बाहेर शेडमध्ये बसतात. त्यांच्यात सगळ्यांत जुनी मालनबाई. पंचावन्नच्या पुढची, बारीक अंगाची, बावीस वर्षं ह्याच कामात. नव्या बायांना ती शिकवायची ते मी शंभरदा ऐकलंय.

"आधी पाण्यात टाक. तरंगलं तर बादली, तेलाचा डबा, नाय तर दुधाची पिशवी. बुडलं तर पाइप, पाण्याची बाटली, गिअर. बादली ठणठण बोलती, डबा बद्द बोलतो. सस्तातला कंगवा वाकीव, काडकन मोडतो, अन जळाला की काजळी सोडतो. कायच कळंना तर सळई लाव अन हुंग. डब्याचा वास इझवल्या मेणबत्तीचा. नायलॉनचा केस जळल्यावानी. पाइपाचा धूर घशात ॲसिड वतल्यावानी. गिअरचा तर पार डोळेच फोडतो."

सळई म्हणजे विजेवर तापणारी. आधी लायटर होते, जाळ बघूनही वाण कळायचा. पण दिवाळीच्या आधी पोत्यांना आग लागली अन शेठनं लायटर बंद केले. तवापासून सगळा भार नाकावर. त्यात पांढऱ्या गिअरच्या पोत्यात पांढऱ्या चौकटीचे तुकडे मिसळून आले. दोन्ही गुळगुळीत, दोन्ही पाण्यात बुडणारे. फकिरा अन मालनबाई सकाळपासून तेच निवडत होते.

साहेबरावनं पाचव्यांदा पाइप उचलला तेव्हा मालनबाई ढिगावरून उठली.

"थांब साहेबराव. ती चूक माझी हाय."

"मावशी, तू मधी पडू नको."

"मधीच हाय मी."

तिनं पाइपाचा एक करडा तुकडा उचलला, तापल्या सळईवर दाबला. पिवळट धूर निघाला. तिनं तो तुकडा नाकाखाली धरला अन श्वास घेतला. एकदा. मग परत. मग तिसऱ्यांदा, आत्तर हुंगावं तसा. आम्ही लांब उभे, तरी खोकायला लागलो. खाली पडलेल्या फकिरानं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पण तिनं नाक हलवलं नाही.

"सांग," ती साहेबरावला म्हणाली, "कसा वास येतो ह्याला?"

त्यानं नाकावर बाही दाबली.

"मला येतच नाय. कोरोनाचा ताप आल्ता, त्यात गेलं नाक. चुलीवर भाजी करपली तरी शेजारीण हाक मारती तवा कळतं."

"मग चार वर्सं आम्हाला येड्यात काढलं व्हय?"

"काढलं. जाळ बघून, वाजवून, नखानं कोरून, दातानं चावून भागवलं. आज ह्या गिअरनं अन चौकटीनं दगा दिला. दोनी बुडत्यात, दोनी डोळ्याला झोंबत्यात."

"सांगितलं कामून नाय?"

"सांगितलं आस्तं तर ठिवलं आस्तं का कामावर?"

साहेबरावचा पाइप वर होता, तो खाली आला. तिच्या उजव्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला टाकीपाशी ऐकू आला. ती दोन पावलं मागं गेली, पोत्यांना टेकली, पण पडली नाही.

"झालं?" ती म्हणाली. "आता फकिराला उचल. रगत जातंय त्याचं."

 साहेबरावनं पाइप टाकला, अन ज्याला मारला त्यालाच पाठीवर घेऊन टेम्पोकडं निघाला.

मालनबाई तसाच खांदा धरून टाकीपाशी आली. पाण्यात माझा हात बघितला. मी तिला आईवरून शिवी दिली. आजवर मी तिला मावशी म्हणत आलो होतो. तिनं ती ऐकून घेतली अन पदरानं माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर केला. मी मान बाजूला घेतली.

शेठनं तिला त्याच दुपारी काढली. फकिराच्या नडगीला रॉड पडला. पोलिसांत कुणी गेलं नाही. फकिरा म्हणाला, परत तिथंच बसायचंय.

मी घाटीच्या सरकारी दवाखान्यात अठरा दिवस होतो. घरी आल्यावर मात्र मी माती खाल्ली. ड्रेसिंगला जायचं टाळत राहिलो. त्यांनी पट्टी ओढली की जीव जायचा, म्हणून आज नाही, उद्या नाही, असं करत आठवडा घालवला. हात सडला. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं घर. बायको पोरांना घेऊन बाहेर ओट्यावर झोपायला लागली. भेटायला येणारे दारातूनच विचारायचे, "काय पुंडलिक, कसं काय?" अन उत्तर ऐकायच्या आत चपला घालायचे. साहेबराव रोज यायचा, पण उंबऱ्यावर बसायचा, नाकाला रुमाल लावून.

एका दुपारी मालनबाई आली. उजवा हात झोळीत बांधलेला. साहेबरावकडं बघितलं न बघितलं केलं, अन सरळ आत येऊन माझ्या खाटेला टेकून बसली.

"बघू."

"नको मावशी."

"बघू म्हणलं ना."

डाव्या हातानं तिनं पट्टी उलगडायला सुरुवात केली. बायकोनं बाहेरूनच तोंड फिरवलं. मालनबाई वाकून, अगदी जवळ तोंड नेऊन, चिकटलेला एक एक धागा सोडवत होती.

"आता उद्या दवाखान्यात जायचं. मी येते संगं," ती म्हणाली. "आज पुसून घेऊ. गरम पानी आण गं पोरी."

बायकोनं पाण्याचं घमेलं आणून आत सरकवलं. मालनबाईनं फडकं बुडवलं.

"समदे लांब कामून बसल्यात रं?"

"उकडतंय म्हणून."

ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं.

"लई वास येतो का?"

"नाय," मी म्हणालो.

तिनं फडकं वर काढलं. पाणी ठिबकायला लागलं. एका हातानं पिळायला गेली, जमेना. मांडीखाली दाबून बघितलं, तरी जमेना. मग उंबऱ्यावरून साहेबराव उठला. रुमाल खिशात घातला, आत आला, अन खाली बसून फडक्याचं दुसरं टोक धरलं.