पेन्सिलीवरच्या चकत्या

मी डर्ट बाइकचा मागचा शॉकअप बोलतोय. मान खाली घालून बोलतोय असं समजा. मला मान नाही, हा भाग वेगळा.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेरून पाहिलं तर मी म्हणजे एक जाडजूड स्प्रिंग, पण खरं काम चालतं ते पोटात. तिथे तेल असतं आणि दांड्यावर ओवलेल्या पातळ पोलादी चकत्या असतात. चाक आदळलं की तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं आणि धक्का माझ्यातच जिरतो. वर बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत तो जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठीच मला घडवलं.

या घरातल्या मुलीने नोकरी लागल्यावर हौसेने ही बाइक घेतली, जुनीच. सुट्टीच्या दिवशी ती मातीच्या ट्रॅकवर मला पिटाळायची. उंचवट्यावरून उडी मारली की हवेत असताना ती हसायची. हेल्मेटमधलं ते हसू बाहेर कुणाला ऐकू जायचं नाही. मी सीटखाली होतो, मला जायचं.

मग माझं तेल अडवून धरणारं सील गेलं. अंगणातल्या फरशीवर रोज सकाळी माझा तेलाचा डाग. आई नाक मुरडत तो पुसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा म्हणाले, "वर्कशॉपला कशाला? घरीच उघडू." ते चष्म्याच्या दुकानात काम करतात, बारीकसारीक स्क्रू त्यांच्या रोजच्या हातातले. त्यांनी आधी माझ्यात दाबाने भरलेला गॅस सोडला, स्प्रिंग उतरवली, दांडा ओढून बाहेर काढला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मला मांडलं, अगदी उघडावाघडा. त्यात शेजारीण किल्ली द्यायला आली आणि "अगं बाई, हे काय?" म्हणून निरखून बघत उभी राहिली!

चकत्यांचा क्रम बिघडू नये म्हणून बाबांनी त्या आईच्या विणकामाच्या सुईवर ओवून ठेवल्या. तिला न विचारता. मग ते नवं सील आणायला गेले, आणि आई कामावरून घरी आली.

आई औषधांच्या दुकानात असते. तिरपी बाटली दिसली तरी तिला चैन पडत नाही. "माझी सुई!" म्हणत तिने चकत्या उतरवल्या, साबणाने धुतल्या, कोरड्या केल्या आणि एका पेन्सिलीवर ओवल्या, मोठीपासून बारकीपर्यंत. मोठ्या चकत्यांच्या मधोमध एक चिमुकली होती. ती चुकून तिथे शिरली असेल असं समजून आईने तिला टोकाला बसवलं. "आता कसं छान दिसतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

चिमुकली चुकून शिरली नव्हती. ती मध्ये असते म्हणूनच मोठ्या चकत्या आधी अलगद वाकतात. मी बोंबललो असतो, पण माझा निम्मा भाग चादरीवर होता आणि निम्मा रॉकेलच्या डब्यात.

बाबांनी परत आल्यावर पेन्सिल पाहिली. "घेतली वाटतं सुई परत," म्हणून हसले आणि क्रम न तपासताच चकत्या तशाच दांड्यावर चढवल्या. नवं सील बसवलं, नवं तेल ओतलं, बुडबुडे संपेपर्यंत दांडा हळूहळू वरखाली केला. गॅस तेवढा वर्कशॉपमधून भरून आणला. अंगणात सीट दाबून म्हणाले, "बघ, कसा झालाय!"

ट्रॅकवर मी मुलीला पाडलं. धक्का मला गिळताच येईना, तो जसाच्या तसा वर गेला. मागचं चाक उसळलं आणि ती हँडलवरून मातीत. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, वर मनगट मुरगळलं. बाबा म्हणाले, "शॉकअप नव्यासारखा करून दिलाय. आता तूच घाबरतेयस."

हळूहळू तिलाही ते पटलं, आणि एके दिवशी ती म्हणाली, "माझ्यातच दम उरला नाही. विकून टाकू बाइक." माझा दोष ती स्वतःवर घेत होती आणि मी वर कोरडा, चकचकीत दिसत होतो. गळत होतो तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

एक गिऱ्हाईक आलं. बाबा त्याला कौतुकाने सांगत होते, "मी स्वतः उघडलाय. मोठ्या चकत्यांच्या मध्ये एक बारकी असते बघा. ती हलली की संपलं."

आई पाणी घेऊन दारात आली होती. "मध्ये? ती मध्येच असते?"

"हो. का?"

तिचा चेहरा उतरला. "मी ती शेवटी लावली. मापाने." मग पायरीवर बसलेल्या मुलीकडे वळून म्हणाली, "तू पडलीस ते माझ्यामुळे गं."

गिऱ्हाईकाने उगाचच टायर दाबून पाहिला.

"तुझ्यामुळे नाही," बाबा म्हणाले. "सुईची पेन्सिल झालेली मी पाहिली होती. एका शब्दाने विचारलं नाही. आणि बोललो मात्र हिला." मुलीकडे बघवेना म्हणून ते फडक्याने मलाच पुसत बसले.

मुलगी पायरीवरून उठत म्हणाली, "म्हणजे मी घाबरले नव्हते?"

"नाही गं."

तिने डोळे पुसले आणि गिऱ्हाईकाला म्हणाली, "काका, माफ करा. बाइक विकायची नाहीये."

चिमुकली पुन्हा तिच्या जागी गेली. मुलीचं हसूही मी पुन्हा ऐकलं. आता वय झालंय, परवापासून फरशीवर परत डाग पडायला लागलाय. लाज वाटतेच, ती काही जाणार नाही. तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी पडलं तर त्याला भित्रा म्हणायच्या आधी एकदा सीटखाली वाकून बघत जा.

आज सकाळी आईने तो डाग पाहिला. या वेळी नाक मुरडलं नाही. आत गेली, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि आपली विणकामाची सुई स्वतःच्या हाताने तिच्यावर आणून ठेवली.