काथ्या उकलू नका

मी एक खाट. चार पाय, चार दांड्या आणि मधली वीण, एवढाच माझा पसारा. पण मला कुणी बिचारी म्हणू नये. समुद्राकाठचा अख्खा पावसाळा अंगावर काढून मी माझ्या गावी, ब्राह्मणपुरीला परत आले आहे. आणि आता खाटा विणणारा भिला सुतळीचा गुंडा घेऊन माझी वीण उकलायला अंगणात येऊन बसलाय. विळा चालवण्याआधी माझं ऐकून घ्या, एवढंच सांगणं आहे.

माझं लाकूड तोरणमाळच्या उतारावरचं, सागाचं. शहाद्याच्या सुताराने मला घडवलं, भिलाच्या बापाने सुतळीने विणलं आणि धनुबाईच्या लग्नात मी या घरात आले. तेव्हापासून याच कडुनिंबाखाली माझी जागा. उन्हाळ्यात माझ्यावर बिबडे वाळले, कुरडया वाळल्या, मिरच्या वाळल्या. धनुबाईचा लेक हेमकांत माझ्यावर रांगला, त्याची लेक रंजिता माझ्यावर पुस्तक घेऊन लोळली.

इतक्या वर्षांत माणसांबद्दल एक गोष्ट मला कळली आहे. खाटेच्या काठावर बसलेला माणूस चार गोष्टी लपवून बोलतो. आडवा झाला की त्याच्या तोंडून खरं निघतं.

रंजिता शिकली आणि जिल्हा परिषदेची शिक्षिका झाली. नेमणूक मिळाली ती थेट कोकणात, समुद्राकाठच्या एका गावी. पहिलं वर्ष तिने कसंबसं काढलं. दुसरा पावसाळा तोंडावर आला तेव्हा हेमकांत माझ्या काठावर बसून आईला म्हणाला, "माय, तू जाय आनि रंजीले लई ये. तठे काय माणूस ऱ्हास? बेडूक ऱ्हातस तठे."

"जासू," धनुबाई म्हणाली. "पन मन्ही खाट लई जासू. दुसऱ्या खाटवर माले झोप येत नही."

झालं! कोकणात माल टाकायला निघालेल्या एका पिकअपवर मला उलटी बांधली. चारही पाय आभाळाकडे करून मी सातशे किलोमीटर गेले. धनुबाई ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर लाल मिरचीचं गाठोडं घेऊन. नंदुरबारच्या बाजारातली, तिने स्वतः हाताने निवडलेली मिरची होती ती.

आपल्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो. तिकडे तो घरजावई आहे. जूनमध्ये आला की उठायचं नावच घेत नाही. दोरीवरचं लुगडं चार-चार दिवस ओलंच राही. काडेपेटीची काडी पेटेना, दाराची कडी गंजली, रंजिताच्या चपलांवर पांढरी बुरशी आली. माझ्या पायांवरही आली. सांधे असे फुगले की कुशीवर वळलं तरी मी कण्हायचे. धनुबाईचे गुडघे माझ्याहून जास्त कण्हायचे. खोटं कशाला बोलू? समुद्राचा तो दमट वारा हाडांत शिरतो. पहिला महिनाभर आम्ही दोघींनी मिळून त्या गावाला शिव्या घातल्या.

मग श्रावणात एक दिवस लख्ख ऊन पडलं. धनुबाईला कोण आनंद! तिने मला अंगणात ओढलं, माझ्यावर धोतराचं पान अंथरलं, सादळलेल्या मिरच्या त्यावर पसरल्या आणि आत जाऊन खुशाल झोपली. ब्राह्मणपुरीत हेच तर करतात. एकदा वाळवण उन्हात घातलं की संध्याकाळपर्यंत आभाळाकडे कोण बघतं? उन्हावर आपला आईबापासारखा भरवसा.

समुद्रावरून सर आली ती सगळ्यांच्या आधी मी पाहिली. ओरडणार कशी? दहा मिनिटांत अंगणातून लाल पाणी वाहायला लागलं. वर्षाची मिरची गेली. आधीच कुजत आलेली माझी सुतळी त्या पाण्याने फुगली, आणि धावत आलेली धनुबाई डोक्याला हात लावून माझ्यावर बसली मात्र, तटकन तुटली. म्हातारी सरळ चिखलात.

"रंजी, बोचकं बांध!" ती तिथूनच ओरडली. "हाऊ मुलूख मानसासना नही शे!"

रंजिताने तिला उठवलं, पाय धुतले, पाठीला तेल लावलं. मग शांतपणे म्हणाली, "आजी, तुले जानं व्हई तर जाय. मी येत नही. माले आठे गमस. मन्ही शाळामा सत्रा पोरं शेत. भर पावसामा डोकावर पोतं लिसन येतस. त्यास्ले सोडीसन मी कशी येऊ?"

धनुबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. माझ्याशीही नाही. मी भिंतीला टेकून उभी, पोटातून आरपार दिसणारी. मला वाटलं, आता आपलं सरपण होणार.

तिसऱ्या दिवशी घरमालकीण काकू काथ्याची भेंडोळी घेऊन आली. नारळाच्या सोडणाचा तो दोर, खरखरीत आणि तपकिरी. सुतळी सोडून भलत्याच दोराने मला विणणार, या विचाराने माझं लाकूड शहारलं. काकू मात्र खाली बसली आणि विणायलाच लागली.

"आजी, इथं उन्हाच्या भरवशावर ऱ्हायचं नाय हो," ती म्हणाली. "चुलीच्या भरवशावर ऱ्हायचं. आमचं सगळं वाळवण मे महिन्यात होतं. आगोटीच्या आत, पाऊस लागायच्या आधी, मासे, मीठ, लाकडं, सगळं घरात. नंतर काय सादळलंच, तर चुलीवर टांगायचं."

धनुबाई ऐकत होती. गाठोड्याच्या तळाशी उरलेल्या ओंजळभर मिरच्या तिने पुढे केल्या. काकूने त्या टोपलीत घालून चुलीवर टांगल्या. पाच दिवसांनी त्या कडकडीत वाळल्या. धुराचा वास लागला होता खरा, पण त्याच मिरच्यांचा ठेचा धनुबाईने काकूच्या घरी नेऊन दिला. म्हातारी हट्टी आहे, पण डोळे मिटून बसणारी नाही. आपणही उन्हाळ्यात वर्षाचं भरून ठेवतो आणि हीही ठेवते, एवढं तिला समजलं. पुढे तर तिच्या टाचांच्या भेगासुद्धा भरून आल्या. ती गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही.

दिवाळीला आम्ही दोघी परतलो. रंजिता तिथेच राहिली.

आता वैशाख आहे. पारा चव्वेचाळीसवर, लाईट सकाळपासून गेलेली, कडुनिंबाखाली कुत्रं जीभ काढून पडलंय. बदलीचे अर्ज ऑनलाइन भरायचे आहेत आणि आजचा दिवस शेवटचा. हेमकांतने लेकीला न विचारता तिचा अर्ज भरून ठेवलाय. त्याची छापील प्रत त्याच्या हातात आहे. फक्त रंजिताच्या मोबाईलवर गेलेला आकडा तेवढा हवा. तो माझ्या काठावर बसला आणि काथ्या टोचला तसा उठून परत बसला.

"भिलाभाऊ, हाई काटाळी वीण काढी टाक पहिले," असं म्हणून त्याने फोन लावला. "रंजी, ओटीपी उना व्हई. सांग पटकन."

"उना, अप्पा," रंजिताचा आवाज आला. "पन मी सांगत नही."

हेमकांत हातातल्या कागदाने वारा घेऊ लागला. धनुबाई ओट्यावरून खाली उतरली. "हेमा, काय लिखं त्या कागदवर? कारन काय दिनं?"

"प्रतिकूल हवामान," तो म्हणाला. "म्हंजे माणूस ऱ्हावू शकत नही अशी हवा."

धनुबाई त्याच्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे बघून हसली. "आनि आठे रे? आठे वैशाखमा झाडखाल चिमन्या मरी पडतस. तू गाव सोडं का? कोन्ही बदली मांगी का? आपलं ऊन आपले गोड लागस, तसा त्यास्ले त्यास्ना पाऊस. मी चार महिना ऱ्हायनू तठे. मरनू का?"

 हेमकांत हळूच माझ्यावर आडवा झाला. मी म्हटलं होतं ना? डोळ्यांवर हात घेऊन तो पुटपुटला, "माय, रंजीबिगर घर सुनं लागस."

"मंग तिले तसं सांग ना," धनुबाई म्हणाली. "पाऊसवर काबर ढकलस?"

फोन चालूच होता. पलीकडे कुणी नाक ओढलं. मग रंजिता म्हणाली, "अप्पा, यंदा आजीसंगे तुम्हीबी या. आगोटना पहिले."

 हेमकांतने उठून कागदाची चौकोनी घडी केली आणि माझ्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. कोकणातली पांढरी बुरशी ज्याच्यावर अजून दिसते, तोच पाय. मी नीट उभी राहिले.

तेव्हा भिला, विळा म्यानात घाल. तुझ्या बापाची सुतळी चांगली होती, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण माझं हाड सातपुड्याचं आणि कातडं समुद्राचं आहे, आणि दोन्ही माझीच आहेत. कोणता मुलूख माणसांचा आणि कोणता नाही, हे ज्याला ठरवायचंय त्याने आधी माझ्यावर एक रात्र झोपून बघावं. टोचेल. टोचू दे. ज्येष्ठ लागायच्या आत मला परत उलटी बांधा. या खेपेला ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसणार आहेत.