न सांडलेली चरवी

मी एक जुनी पितळी चरवी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. फाटकी छत्री असो की मोडकी खुर्ची, शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तशी नाही. मी केरबावर चार वर्षं डूख धरून बसले आणि संधी मिळताच सूड उगवला. कसा, ते ऐका.

कोल्हापूरच्या एका कासाराच्या दुकानातून मी चिमणाबाईच्या रुखवतात आले. गोल पोट, आवळ गळा, तीन लिटर दूध मावेल एवढी ऐसपैस. चिमणाबाई रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन उभी राहायची. गिऱ्हाईक समोर आलं की धार काढायची आणि फेसाळलेला पेला त्याच्या हातात द्यायची. एखाद्या नवख्यानं विचारलंच, "मावशी, पाणी तर न्हाई न्हवं?" तर ती कडाडायची, "डोळं हाईत न्हवं तुला? मग बघ की! तुझ्या डोळ्यादेखत धार काढली, त्यात पाणी कुठनं यील?" मला ती दरवर्षी दिवाळीआधी कल्हई करून घ्यायची. माझ्या पोटात तिचं तोंड दिसायचं, इतकी मी लख्ख असायची.

केरबा तिचा मुलगा. उद्यमनगरात त्याचं गॅरेज होतं. नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं ओळखायचा. १९९५ साली त्यानं आणि त्याच्या पिराजी नावाच्या दोस्तानं शहरातल्या केबलवर एक कार्यक्रम सुरू केला, 'गाडी आणि गडी'. पिराजी लग्नाचे व्हिडिओ काढायचा, म्हणून कॅमेरा त्याचा. तोंड केरबाचं. आणि खरं सांगू का, जीव माझा.

परीक्षा साधी होती. रविवारी सकाळी चिमणाबाई कॅमेऱ्यासमोर धार काढून मला काठोकाठ भरायची. मग मला नव्या गाडीत केरबाशेजारच्या सीटवर, झाकण न लावता ठेवायचे. गाडी गगनबावड्याला जाऊन परत यायची. माझ्यात जेवढं दूध उरेल, तेवढे गाडीला गुण. उरलेलं दूध, ज्याला ती गाडी घ्यायची असेल त्याला चिमणाबाई स्वतःच्या हातानं प्यायला द्यायची. ही रीत तिनंच घालून दिली होती. "ज्येला घ्यायची हाय त्येनं चव बघावी," असं ती म्हणायची.

मी कधी कुणाची भीड धरली नाही. खड्ड्यात आपटणारी गाडी असली की मी भडाभडा सांडायची. केरबाही तसाच फटकळ होता. "पावणं, इंजिन वाघ हाय, पर ब्रेक म्हंजे जावयाचा शब्द. लागला तर लागला!" असं तो भर कार्यक्रमात सांगायचा आणि शोरूमवाले दात-ओठ खायचे. मलकापूरपासून माणसं गाडी घ्यायच्या आधी विचारायची, "चरवी काय म्हणती?" मला तेव्हा केवढा अभिमान होता!

मग कुठं बिनसलं? पिराजीच्या डोक्यात भपका शिरला. २००१ च्या सुमारास त्यानं टोमॅटोच्या ढिगातून जीप घातली. लोक खिदळले. पुढच्या रविवारी मडक्यांची उतरंड फोडली. लोक आणखी खिदळले. तिसऱ्या खेपेला एक जुनी रिक्षा खाणीच्या काठावरून खाली ढकलली आणि केरबा गॉगल लावून टाळ्या पिटत नाचला. घरात टीव्हीसमोर बसलेल्या चिमणाबाईनं उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "कुणाची तरी चूल पेटायची रं तिच्यावर."

गंगावेशीत दूध पिता पिता माणसं भांडू लागली. कुणी म्हणे, कार्यक्रमाची पार वाट लागली. कुणी म्हणे, "करमणूक हाय की! दूध मोजत बसायचं दिवस गेलं." आणि माझं काय झालं विचारता? मला गॅरेजच्या फळीवर टाकलं. माझ्यात नटबोल्ट भरले, वर ऑईलची चिंधी कोंबली. चार दिवाळ्या मी कल्हईवाचून काढल्या. आईनं मागितली की केरबा सांगायचा, "आणतो की उद्या." तो उद्या काही उगवला नाही. त्या फळीवर मी ठरवलं, याला एकदा चारचौघांत तोंडघशी पाडीन, तरच नावाची चरवी.

२००५ साली कार्यक्रमाला दहा वर्षं झाली. गंगावेशीतच मांडव घालायचा, सोहळा केबलवर थेट दाखवायचा आणि जुनी चरवीची परीक्षा पुन्हा करायची, असं ठरलं. परीक्षेसाठी नवी मोठी व्हॅन एका शोरूमच्या मालकांनी दिली. ती घेणार होती कोडोलीची संघप्रिया. वडिलांच्या वडापच्या, म्हणजे गावोगाव सीटा भरून भाडं मारणाऱ्या जीपवर ती गाडी शिकली होती. आता तिला गावातली सोळा पोरं शाळेत न्यायची-आणायची होती. लहानपणापासून ती आमचा कार्यक्रम बघत आलेली. सोहळ्याच्या आदल्या दिवशी ती चिमणाबाईला म्हणाली, "आजी, चरवी व्हय म्हणाली तरच घेतो बघा."

त्या रविवारी सकाळी मला घाईघाईनं पुसून दूध भरलं आणि आम्ही निघालो, केरबा चालवायला आणि पिराजी मागं कॅमेरा घेऊन. निम्म्या वाटेत केरबानं ब्रेक दाबला. व्हॅन अशी डावीकडं ओढली गेली की मी आडवीच झाले. सगळं दूध सीटवर. केरबा उतरला, चाकं पाहिली, पुन्हा थोडी चालवली, पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा तेच.

"पिराजी, ही वडतीया. पोरं बसायची हाईत हिच्यात."

"मांडव मालकांचा, शाली मालकांच्या, सांजच्याला समदं गाव जमणार. आता कुठल्या तोंडानं सांगणार हाईस?" पिराजी म्हणाला.

मी केरबाच्या तोंडाकडं पाहत होते. एक शब्द बोलला असता, तर मी चार वर्षांचे नटबोल्ट विसरले असते. त्यानं सीट पुसली आणि गाडी गुपचूप मांडवामागं आणली.

तिथं पोस्टर चिकटवायला मैद्याची खळ शिजवून ठेवली होती. पिराजीनं ती घट्ट, पांढरीफेक खळ माझ्यात काठोकाठ भरली. केरबानं मला धरून ठेवलं होतं. ज्या पोटात आईचं तोंड दिसायचं, त्यात लेकानं खळ भरू दिली! माझं पितळ नुसतं रागानं तापलं.

संध्याकाळी व्हॅन मांडवाशी येऊन थांबली. एक थेंब सांडला नाही म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. चिमणाबाईला शाल-नारळ दिला. व्हॅनची किल्ली तिच्याच हातून संघप्रियाला देववली. आता फटाके लावायचे एवढंच बाकी होतं. पण चिमणाबाईला आपली रीत आठवली. तिनं पेला मागवला आणि मला उचललं. उचलताना तिनं मला किंचित हलवलं, पण आत काही डचमळलं नाही. मला वाटतं, तिला तिथंच कळलं होतं.

"मावशी, ते ऱ्हाऊ दे की!" पिराजी धावला.

"गप उभा ऱ्हा. पोरी, पेला धर."

मित्रांनो, जन्मभर सांडणं हेच माझं काम. त्या घटकेला मी ठरवलं, आज एक थेंब सोडायचा नाही. चिमणाबाईनं मला तिरकं केलं. काही आलं नाही. आणखी तिरकं केलं. शेवटी मला चक्क उपडं धरलं, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या शहरादेखत. मांडवातली माणसं माना उंचावून बघू लागली. मी जीव खाऊन ती खळ धरून ठेवली, सगळ्यांचं बघून होईपर्यंत. मग सोडली. भला मोठा गोळा थपकन केरबाच्या नव्या बुटांवर पडला.

चिमणाबाईनं लेकाकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "केरबा, ह्यो कुठल्या म्हशीचा रं?"

आधी एक पोर हसलं, मग सगळी गंगावेस. केरबाची मान खाली गेली. संघप्रियानं किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दादा, सोळा पोरं हाईत." तेव्हा कुठं त्यानं माईक घेतला आणि चाचरत सांगितलं, "ही गाडी घिऊ नगा. ब्रेकला डावीकडं वडती. मला सकाळीच म्हाईत हुतं." मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. फार गोड वाटलं.

कार्यक्रम तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी चिमणाबाईनं केरबाला कट्ट्यावर, गिऱ्हाइकांदेखत, चिंच आणि राख घेऊन मला घासायला बसवलं. वाळलेली खळ सहजासहजी निघत नाही. मीही मुद्दाम चिवटपणे धरून ठेवली. आठ दिवस तो घासत होता आणि येणारा-जाणारा विचारत होता, "काय केरबा, म्हस कुठली?"

तेव्हा मित्रांनो, भांडं वापरलं की घासून जागेवर ठेवा. आणि ज्या भांड्याच्या भरवशावर लोक डोळे मिटून पितात, त्यात भलतंसलतं भरू नका. भांडी विसरत नाहीत.

आता कॅमेरा नाही. तरी केरबा एखाद्या रविवारी कुणाची गाडी बघायला निघतो तेव्हा आईकडं हात जोडून मला मागतो. त्याला मला सीटवर ठेवायची परवानगी नाही, मांडीवर धरून बसावं लागतं. गाडी दुसरा कुणी चालवतो. संघप्रियाची दुसरी व्हॅन आम्ही अशीच पाहिली. रस्ताभर तिनं मला हलू दिलं नाही, इतकी गाडी चांगली आणि इतका तिचा हात चांगला. परत आल्यावर चिमणाबाईनं उरलेलं दूध तिला पाजलं. सांडलं होतं ते जेमतेम चार थेंब. तेही मी नेम धरून केरबाच्या विजारीवर सांडले.