मागून आणलेलं मैदान

निकिताचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात होता आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. येत्या गुरुवारी पोलीस भरतीची मैदानी चाचणी, आणि तळपायाच्या मधोमध खिळ्यानं पाडलेलं भोक. पहाटे धावताना खिळा बुटाच्या तळातून आरपार गेला होता. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, महिनाभर पळायचं नाही.

"काकू, महिनाभर म्हंजे गुरुवार त्याच्यातच येते ना," निकिता म्हणाली. तिला हसायचं होतं, पण हसू अर्ध्या वाटेत थांबलं.

घरमालकीण वर्षाराणीनं तिच्या पायाशी टॉवेल पसरला.

निकिता मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. पोरगी वाशीमला आली, वर्षाराणीच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली आणि कॉलनीमागच्या मैदानात धावू लागली. कोंबड्याच्या आधी ती उठायची. बापानं बजावून ठेवलं होतं, "एवढी एक भरती पाह्य. नाई झालं तं कोयता घे अन् फडावर चाल." त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत ती वर्षभर धावत होती.

असं मैदान, मायबापहो, तुमच्याही गावात असेल. एक कडुनिंब, एक मोडका घसरगुंडीचा पत्रा, सकाळी म्हातारे, संध्याकाळी लेकरं. आणि बाकी सगळे दिवस कार्यक्रम. आज मेळावा, उद्या सत्कार, परवा कोणाचा वाढदिवस. मांडव येतो, मांडव जातो. मैदान तिथंच असतं म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही.

मागच्या रविवारी तिथं महिला मंडळाचा 'लेकींचा सन्मान' झाला होता. मंडळाची अध्यक्ष वर्षाराणी. नगरपरिषदेची परवानगी तिनंच आणली, खुर्च्या तिनंच मोजून घेतल्या, हिरवी मॅट तिनंच पसंत केली. व्यासपीठावर निकिताला बोलावून 'भावी पोलीस' म्हणून शाल दिली, तेव्हा टाळ्यांनी कडुनिंबावरचे पोपट उडाले होते.

वाड्यावस्त्यांतल्या बायाही बघायला आल्या होत्या. कार्यक्रम मोठा गोड झाला.

"खिळा कोठचा व्हय वं?" वर्षाराणीच्या सासूबाई, गोजराबाई, सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"काय माहीत, आत्याबाई," वर्षाराणी म्हणाली. "मैदानात काय नसते? कोणाच्या तरी कार्यक्रमाचा असंल."

खिळा बशीत ठेवला होता. बोटभर लांब, चपट्या डोक्याचा. गोजराबाईंनी तो उचलून उजेडात धरला. डोक्याखाली एक हिरवा धागा अडकला होता, मॅटचा.

त्यांनी खिळा परत बशीत ठेवला आणि डाळ निवडू लागल्या. बशीत खिळा पडल्याचा तो बारीकसा आवाज वर्षाराणीच्या काळजात जाऊन वाजला.

तिला सगळं आठवत होतं. पाहुण्यांची भाषणं लांबली, दिवस बुडायला आला. मांडववाले सैफुद्दीनभाई म्हणाले होते, "वहिनी, आता मॅट नका काढू. अंधारात खिळे गवतात राह्यतात. सकाळी माहे पोरं एकेक करून काढतीन." आणि ती म्हणाली होती, "सकाळी पेपरवाला फोटो काढाले येनार हाय, भाई. मैदान मोकळं दिसलं पाह्यजे. मॅट ओढा, खिळ्याचं काय एवढं?" पोरांनी मॅट ओढली. टरटर आवाज झाला. सकाळी फोटोत मैदान कसं झाडून घेतल्यासारखं दिसलं!

संध्याकाळी तिच्या हातून भाजी करपली. गोजराबाई स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर एक काचेची वाटी होती, शेजारच्या अमिरुन्निसांनी शीरखुर्मा पाठवला होता त्याची.

"ही वाटी कशी देशीन?"

"घासून देईन. कशी म्हंजे?"

"अन् रिकामी?"

"रिकामी कशी देईन, आत्याबाई? दोन लाडू तरी टाकीन. बरं दिसते काय रिकामी वाटी देनं?"

"कोनं शिकवलं तुले हे?"

"शिकवायचं काय त्याच्यात? मायनं, तुमी..."

"मंग ते मैदान कोनाची वाटी व्हय, वर्षे?" गोजराबाईंचा आवाज चढला नाही. "मागूनच आनलं ना? कागुद देऊन मागतलं. अमिरुन्निसाची वाटी घासून, भरून देतं. अन् ज्याच्यात सारं गाव जेवते, ते ताट तसंच खरकटं ठुतं? वरून त्याचा फोटो काढतं?"

वर्षाराणीनं गॅस बंद केला.

"मले नोको सांगू," गोजराबाई म्हणाल्या. "गच्चीवर जाय. तिले सांग."

निकिता खोलीत बसून बुटाच्या तळाला पंक्चरवाल्याचं रबर चिकटवत होती. वर्षाराणीनं सगळं सांगितलं. सैफुद्दीनभाईंचं बोलणं, पेपरवाल्याचा फोटो, तो धागा. काहीही झाकलं नाही.

रबरावरचं बोट निकितानं तसंच दाबून ठेवलं.

"काकू, तुमी मले शाल देल्ली ना," ती शेवटी म्हणाली, "तवा पायाखाली तीच मॅट व्हती."

"शिव्या दे मले, बाई."

"शिव्या देऊन भोक बुजते काय? जा तुमी, जेवून घ्या."

यापेक्षा तिनं खरंच शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग वर्षाराणीनं जिथं हात पोचेल तिथं हात घातला. नगरसेवकाला फोन केला. ओळखीच्या कारकुनाच्या घरी गेली. दुसऱ्या डॉक्टरला पाय दाखवला. सगळे हळहळले. सगळ्यांनी एकच सांगितलं, चाचणीची तारीख कोणासाठी हलत नसते. ज्या बाईनं एका फोनवर शंभर खुर्च्या मागवल्या होत्या, तिला एका पोरीसाठी एक महिना कुठं मागून मिळेना.

गुरुवारी ती निकितासोबत चाचणीला गेली. फाटकाच्या बाहेर पोरींचे आईबाप उभे होते, कोणी केळी घेऊन, कोणी नुसतीच पाण्याची बाटली घेऊन. कुंपणाच्या जाळीतून धावपट्टी दिसत होती. आठशे मीटर, दोन फेरे. पहिल्या फेऱ्यात निकिता चौथी होती. वर्षाराणीनं जाळी घट्ट धरली. दुसऱ्या फेऱ्याच्या वळणावर निकिताचा डावा पाय आधी टाचेवर आला, मग बाहेरच्या कडेवर आला, आणि मग एकेक करून पोरी तिच्या शेजारून पुढे निघून गेल्या. तरी ती थांबली नाही. शेवटची आली, तेव्हा शिपाई पुढच्या तुकडीची नावं पुकारत होता.

बाहेर आली ती बूट हातात घेऊन. "वेळात नाई बसलं, काकू," एवढंच म्हणाली.

परतताना रिक्षा मैदानाजवळ आली तेव्हा तिथं कोणाचा तरी नवा मांडव उभा राहत होता, आणि दोन लेकरं अनवाणी शिवणापाणी खेळत होती.

वर्षाराणी तशीच सैफुद्दीनभाईंच्या दुकानात गेली. ती हिशेब विचारायला आली असं समजून ते उठले.

"भाई, खिळे काढायचे हाय. सारे. फक्त आपलेच नाई."

भाई आतून फुटक्या स्पीकरांचे चुंबक घेऊन आले, काळे, भाकरीएवढे. "याले दोरी बांधा वहिनी, अन् गवतातून ओढा. माह्यीबी चूक हाय. तुमी म्हटलं अन् म्या आयकलं. नाई म्हनाले पाह्यजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या बाया मैदानात उतरल्या. साडीचा पदर खोचून, दोऱ्या धरून, वखर ओढावा तसे चुंबक ओढत. प्रत्येक फेऱ्याला चुंबकाला काळी दाढी फुटायची. मॅटचे खिळे, तारा, बॅनरच्या पिना, कधीकाळच्या मांडवाचा गंजका तुकडा. गोजराबाई कडुनिंबाखाली बसून मांडवाचे खड्डे मातीनं बुजवत होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या,

*उठला गं मांडव, गेली वरात वाजत,*
*भुई बसली मागं काटे पदरी मोजत.*

निकिताही आली. कोणी बोलावलं नव्हतं. लंगडत येऊन तिनं एक दोरी हातात घेतली. कोणी तिच्याकडे बघू शकलं नाही.

रविवारी तिचा बाप न्यायला आला. फडावरून थेट आला होता, हातावर उसाच्या पात्याचे चरे. त्यानं कोणाला दोष दिला नाही. "नशीब," म्हणाला आणि ट्रंक उचलली. वर्षाराणी म्हणाली, भाडं नको, पोरीला राहू द्या, पुढच्या भरतीपर्यंत राहू द्या. तो हात जोडून म्हणाला, "बाई, एक कोयता कमी पडला का घर मांगं पडते. पाहू पुढच्या साली." पुढचं साल त्याच्या हातात नव्हतं, तिच्याही नव्हतं.

निघताना निकितानं पिशवीतून एक डबा काढला. खोलीत राहायला आल्याआल्या तिनं तो वर्षाराणीकडून मागून नेला होता.

"तुमचा डबा, काकू. राह्यलाच व्हता."

मानोऱ्याची एसटी गेल्यावर वर्षाराणीनं घरी येऊन झाकण उघडलं. डबा लख्ख घासलेला होता, आणि आत बापानं आणलेल्या गुळाचा खडा होता. जिचं सगळं गेलं, तिनंही मागून आणलेला डबा रिकामा दिला नव्हता.

वर्षाराणी ओट्याला टेकून खाली बसली आणि रडली.

आता त्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शनानंतर एक ओळ असते: 'मैदान परत करणे.' ते काम दिवसाउजेडी होतं, आणि अध्यक्षांपासून सगळे खिळे वेचायला वाकतात. निकिताची धाव त्यानं परत येत नाही. पण मायबापहो, उद्याही कोणाची तरी लेक पहाटेच्या अंधारात त्याच गवतावर पाय टाकणार आहे. मैदान गावाकडून मागून आणलेलं असतं. ते घासून, पुसून, जमलं तर थोडं भरून परत द्यावं. आपल्या आयांनी वाटीपुरतं शिकवलेलं हे एवढंच आपल्याला मैदानापर्यंत न्यायचं आहे.