सातच्या गाडीची जागा

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, रस्त्यावरची. रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतलेलं सिमेंट, त्यात रोवलेला पाइप आणि पाइपाला जोडलेला जुन्या फ्रिजच्या दाराचा पत्रा, एवढाच माझा देह. अंगावर लाल अक्षरांत लिहिलं आहे, ‘इथे गाडी लावू नका’. त्याखाली, जागा संपत आल्यामुळे बारीक होत गेलेल्या अक्षरांत, ‘आजारी माणसाची गाडी येते’. आत्ता सकाळचे पावणेसात वाजलेत आणि मी शिंपीकाकांच्या दुकानात, काचेच्या दारामागे उभी आहे. माझी जागा खरं तर बाहेर, रस्त्याच्या कडेला. सात वाजता काय होणार या काळजीने मला धड काही सुचत नाही. तरी तोवर माझी हकीकत सांगते.

मला घडवलं एका वेल्डरने, त्याच्या मावशीसाठी. या मावशी दुकानाच्या शेजारीच तळमजल्यावर राहतात. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. आता त्यांची मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागतं. पायांत त्राण नाही, त्यामुळे चाकांची खुर्ची. दवाखान्याची गाडी दाराशी येते, तिच्या मागून लोखंडी फळी उतरते आणि खुर्ची त्यावरून वर चढते. त्या फळीसाठी गाडीच्या मागेही मोकळी जागा लागते. यंत्राची वेळ ठरलेली असते. उशीर झाला की तेवढा वेळ कापला जातो, कारण पुढचा रुग्ण ताटकळत असतो. आणि रक्त नीट साफ झालं नाही की मावशींना चार शब्द बोलतानाही धाप लागते.

पहिल्या वर्षी माझे फार हाल झाले. कोणी पायाने ढकललं, कोणी माझ्यावर हेल्मेट अडकवलं, एका टेम्पोने तर मला आडवंच केलं. पण हळूहळू रस्त्याला कळलं. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला की शिंपीकाका गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर यायचे आणि मला बाजूला सरकवायचे. गाडी गेली की पुन्हा जागेवर. जागेवर म्हणजे अगदी जागेवर, माझ्या डब्याच्या गंजाने रस्त्यावर जो गोल उमटला होता, नेमका त्यात. एक बोटभरही इकडेतिकडे चालायचं नाही त्यांना. सात वर्षं हे चाललं. गाडीचा ड्रायव्हर एकदा म्हणाला, “ही पाटी आहे म्हणून माझी वेळ चुकत नाही.” त्या दिवशी मी कशी फुगले होते म्हणून सांगू!

मग नगरपालिकेने पार्किंगची योजना आणली. कुठे गाड्या लावायच्या, किती वेळ लावायच्या, बस कुठे थांबणार, चालणाऱ्यांना वाट कुठून, सगळं आखायचं होतं. खोटं कशाला बोलू, योजना वाईट नव्हती. आमच्या रस्त्याचा पदपथ दुचाकींनी गिळला होता आणि शाळेतली पोरं जीव मुठीत धरून रस्त्यातून चालत होती. पण त्याच कागदात लिहिलं होतं की लोकांनी स्वतः ठेवलेल्या पाट्या, कुंड्या आणि टायर उचलून नेले जातील. ते शिंपीकाकांनी दोनदा वाचलं.

गाड्या मोजायला माणसं येणार तो मंगळवार होता. सकाळीच काकांनी मला आत ओढलं आणि इस्त्रीच्या टेबलाखाली चादरीत गुंडाळून ठेवलं. बाकीच्यांना वाटलं, तपासणीच आहे. मग काय, सगळ्यांनी आपापल्या गाड्या मागच्या गल्लीत नेऊन ठेवल्या आणि रस्ता झाडून लख्ख केला. मंगळवारी मावशींची गाडीही येत नाही. मोजणीवाली मुलगी दर तासाला टॅब घेऊन फेरी मारायची. संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, “इथे दिवसभर एकही गाडी नाही. जागा नुसती पडून आहे.” मी खुळी, मला वाटलं आपलंच कौतुक चाललंय.

दीड महिन्याने आमच्या त्या पडून असलेल्या जागेवर दोन मोटारींचे पांढरे चौकोन आखले गेले. मला पुन्हा बाहेर ठेवलंत तर उचलून नेऊ, असं सांगून माणसं गेली. बुधवारी मावशींची गाडी आली तेव्हा तिथे दोन मोटारी ऐसपैस उभ्या होत्या. गाडी थांबली थेट मोठ्या रस्त्यावर. वेल्डर भाच्याने बसगाड्यांमधून वाट काढत खुर्ची ढकलली आणि शिंपीकाका हात दाखवत पुढे धावले. चाळीस मिनिटं उशीर. शुक्रवारी तेच. शनिवारी मावशींचे पाय सुजले होते.

भाचा नगरपालिकेत जाऊन आला आणि सरळ दुकानात शिरला.

“काका, मोजणीच्या दिवशी पाटी कुठे होती?”

शिंपीकाकांनी कात्री खाली ठेवली. “आत. नेतील म्हणून भ्यालो रे.”

“ते म्हणतात, ही जागा कोणी वापरतच नाही.”

दारातल्या खुर्चीवरून मावशी दम घेत म्हणाल्या, “मुलांना नकाशे काढायला शिकवण्यात जन्म गेला माझा. आणि आज माझंच दार नकाशात नाही. त्या मोजणीवाल्या मुलीला बोलाव. आणि काका, खरं तेच सांगा.”

दुपारी ती आली. काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिला पटेना. तेव्हा काकांनी तो गंजाचा गोल दाखवला, अर्धा नव्या पांढऱ्या पट्ट्याखाली गेलेला. मला उचलून त्यात ठेवलं. मी चपखल बसले. मुलीने उकिडवं बसून गंजाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“मला कोणी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पण मीही कुठे विचारलं.”

रुग्णांच्या गाडीसाठी जागा राखायचा हुकूम निघायला आठ दिवस लागतील, आणि तोवर पाटी बाहेर दिसली तर उचलणारी माणसं ऐकणार नाहीत, असं तिने सांगितलं. मग काकांकडून कापडावर खुणा करायचा खडू घेऊन तिने रस्त्यावर मोठा चौकोन काढला आणि आत चाकांची खुर्ची.

ते झालं परवा. आज सोमवार. काल दिवसभराच्या टायरांनी खडू पुसट झाला आहे. शिंपीकाका गाडीला वाट दाखवायला कोपऱ्यावर गेलेत. भाचा औषधं घ्यायला आत गेलाय. मावशी मांडीवर पिशवी घेऊन दारात बसल्या आहेत. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत पोचणार नाही, आणि माझा तर कुठेच पोचत नाही.

एक मोटार हळू झाली आहे. तिचा दिवा आमच्या बाजूला लुकलुकतोय. मागच्या काचेला नाक लावून एक मूल बाहेर बघतंय. मित्रांनो, तुमच्यापैकीच कोणी असेल ते. रिकामी जागा दिसली म्हणजे ती कोणाचीच नसते, असं नाही रे. खाली बघ. खडू पुसट आहे, पण खुर्ची अजून दिसते. बाबांच्या खांद्याला हात लाव आणि म्हण, बाबा, जरा पुढे घ्या. लवकर सांग बाळा. कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजला.