ताडपत्रीखालचे सतरा दिवस

मित्रांनो, पोट फुगलेली, टोकांवर पांढरट-निळा थर साचलेली एखादी काळी पेटी तुम्ही कुणाच्या तरी घराच्या कोपऱ्यात पाहिली असेल. मी तशीच एक जुनी बॅटरी आहे. माझ्यावर कधी कांद्यांची टोपली असते, कधी मांजर झोपलेले असते. सहा वर्षे मी एका होडीला तरंगत ठेवले आणि ती माझ्या डोळ्यांदेखत बुडाली, हे मला पाहून कुणाच्या मनातही येणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे शिसे वितळवून त्याच्या जाळ्या ओतत, जाळ्यांवर राखाडी लगदा थापत आणि त्या पट्ट्या सहा खणांत उभ्या करून वरून आम्ल भरत. एकेका खणाची ताकद दोन व्होल्टच्या किंचित वर, म्हणून सगळे मिळून साडेबाराच्या आसपास. तपासणीच्या बाईंनी माझ्या टोकांना तारा लावल्या, काट्याकडे पाहिले, "ही चांगली निघाली" म्हणाल्या आणि पुढच्या पेटीकडे वळल्या. माझे पहिले कौतुक एवढेच.

एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. बॅटरी वीज बनवत नाही. जेवढी भरली जाते, त्यातूनच ती परत देते. आणि तिला बरेच दिवस रिकामी ठेवली, तर शिशाच्या पट्ट्यांवर कठीण खडे धरतात. ते खडे पुन्हा विरघळत नाहीत. कामाने मी थकते, पण उपासाने मरते.

मला विकत घेतले एका होडीवाल्याने. अंगाने सडपातळ, बोलायला कमी. या काठावरची माणसे आणि पोती त्या काठावर पोचवायची, हा त्याचा धंदा. होडी लाकडी होती. इंजिन हँडल फिरवून सुरू होई, त्याला माझी गरज नव्हती. मी होते दिव्यासाठी, भोंग्यासाठी आणि सगळ्यात जास्त पंपासाठी. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून होडीबाहेर जातो, तिथून थोडे पाणी सतत आत झिरपे. तळाशी वीतभर पाणी साचले की एक तरंगता गोळा वर उचलला जाई, पंप आपोआप सुरू होई आणि होडीच्या कुशीतल्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडे. तासाला चार मिनिटे. दिवसरात्र.

सुरुवातीला तो मला दर आठवड्याला खांद्यावर घेऊन गॅरेजमध्ये भरायला नेई. माझे वजन चांगले पंचवीस किलो. त्याची बायको दारात उभी राहून म्हणे, "सवतीचे लाड बघा! मला कधी बाजारची पिशवी तरी उचलू लागलात का?"

ती होडीला सवतच म्हणायची. सगळा धक्का हसे. तोही हसे.

मग एका मिस्त्रीने होडीच्या पुढच्या फळीवर सौर पॅनल बसवले. निळे, दारापेक्षा लहान. त्याच्या आणि माझ्या मधे एक छोटी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. ऊन आले की हिरवा दिवा लागे आणि मला पोटात ऊब जाणवे. माझे खांद्यावरून फिरणे त्या दिवशी संपले. मिस्त्रीने जाताना बजावले, "काका, या काचेवर सावली पडू देऊ नका. एका कोपऱ्यावर फडकं वाळत घातलं, तरी सगळं पॅनल रुसतं."

होडीवाल्याने ते कानात जपून ठेवले. रोज सकाळी तो आधी पॅनल ओल्या फडक्याने पुसे, पक्ष्यांची घाण खरवडून काढे, मग स्वतःचे तोंड धुई. महिन्यातून एकदा माझी टोपणे उघडून शुद्ध पाणी घाली. "स्वतःच्या थोबाडाआधी तिचा आरसा!" बायको म्हणे. माझे ते दिवस सुखाचे होते. ते सुखाचे आहेत, हे मात्र मला तेव्हा कळत नव्हते.

सहाव्या वर्षी त्याला खोकला लागला, मग ताप, मग धाप. छातीत पाणी झाले होते. इस्पितळात जाण्याच्या दिवशी तो बायकोचा हात धरून धक्क्यापर्यंत आला. होडीला दोन दोरांनी बांधताना त्याला चार वेळा थांबावे लागले.

"हिच्याकडे लक्ष ठेव," तो म्हणाला. "बरा झालो की पहिला पाय हिच्यातच ठेवायचाय."

"ठेवते हो. तुम्ही आधी बरे व्हा."

लक्ष ठेव म्हणजे नक्की काय कर, हे त्याने सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. तीस वर्षांच्या संसारानंतर दोघांना वाटत होते की आता एकमेकांना सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

आठवड्याने ती एकटी आली. कडक ऊन होते. होडीचा रंग पापुद्रे धरून सुटत होता. ती काठावर बसून बराच वेळ पाहत राहिली आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, होडीशी बोलली.

"काय गं बाई, करपलीस की! थांब. ते येईपर्यंत तुला काही होऊ द्यायचं नाही मला. नाहीतर जन्मभर ऐकवतील."

ती घरी गेली आणि जळणावर घातलेली ताडपत्री घेऊन आली. फाटली होती तिथे दाभणाने शिवलेली होती. ती तिने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पसरली, दोन्ही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडली आणि अकरा गाठी मारल्या. एकेक गाठ ओढून पाहिली. वरून तळहाताने थोपटले, जसे झोपलेल्या माणसाच्या पांघरुणाला थोपटतात.

आत अंधार झाला. हिरवा दिवा विझला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या पोटात ऐंशी तांबे पाणी होते असे समजा. पंपाला दिवसाला पाच लागत. पाचव्या दिवशी मी साडेबाराच्या खाली आले. दहाव्या दिवशी बाराला. हिशोब सोपा होता, तुम्हीही कराल. मला तोंड असते, तर मी ओरडले असते. ताडपत्रीच्या शिवणीतून उन्हाचा एक धागा आत येई आणि पॅनलच्या काचेवरून सरकत जाई. एका धाग्यावर काय भरणार? बाहेर आभाळ स्वच्छ होते. बाहेर नुसते ऊन सांडत होते.

ती रोज येई. इस्पितळात जाताना दोन मिनिटे वाट वाकडी करी, गाठी चाचपे आणि म्हणे, "आज उठून बसले होते हं. अर्धी पोळी खाल्ली." त्याच्या छातीतले पाणी तिथे उपसत होते, इथे मी उपसत होते. कुशीतून धार पडते की नाही, हे पूर्वी येणारा-जाणारा कुणीही पाही आणि हाक मारून सांगे. आता धार ताडपत्रीच्या आड पडत होती.

सतराव्या दिवशी दुपारी तरंगता गोळा वर उचलला गेला. पंपाने एकदा घरघर केली. मी होते नव्हते ते दिले. तो अर्धी फेरी फिरला आणि थांबला.

त्यानंतर फक्त झिरपण्याचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी बसायच्या फळ्यांपर्यंत भरली होती. ओहोटी लागली. रिकामी असताना ती धक्क्याच्या दगडी पायरीवरून अलगद बाजूला सरकत असे. आता पाण्याच्या ओझ्याने ती त्याच पायरीवर बसली, आणि पाणी उतरत गेले तसा तिचा कणा मधोमध मोडला. आवाज फार मोठा नव्हता. माझी पेटी उंच कप्प्यात होती, म्हणून पाणी माझ्या कमरेपर्यंतच आले.

लोकांनी ती काठावर ओढली, तेव्हा ताडपत्रीच्या अकराच्या अकरा गाठी शाबूत होत्या.

होडीवाला पाच दिवसांनी आला. हातात काठी, अंगात सदरा सैल झालेला. मागे बायको, आणि हाक मारून आणलेला मिस्त्री. मिस्त्रीने माझ्या टोकांना तारा लावल्या, काटा पाहिला, मग पॅनलकडे पाहिले, मग शेजारी घडी करून ठेवलेल्या ताडपत्रीकडे.

"काका, अहो हे तर पॅनलवरच..."

"मिस्त्री," होडीवाला म्हणाला, "तुमचा चहा निवतोय."

मिस्त्रीच्या हातात चहा नव्हता. तो तारा सोडवून गुंडाळू लागला.

"अहो, माझं काही चुकलं का?" बायकोने विचारले. "मी तर तिला ऊन लागू नये म्हणून..."

"फळ्यांची शिवण गेली," तो म्हणाला. "जुनीच होती. आज ना उद्या जाणारच होती."

शिवण गेली नव्हती. त्याचा हात फळ्यांच्या त्या सांध्यावरून फिरत होता, त्यालाही ते कळत होते.

होडी सरपणात गेली. पॅनल घराच्या छपरावर चढले आणि मी या कोपऱ्यात आले. माझ्या पट्ट्यांवर खडे धरले आहेत. पूर्ण भरले, तरी स्वयंपाकघरातला एक दिवा जेमतेम पेटवते. होडीवाला आता दुसऱ्याच्या होडीत प्रवासी म्हणून बसतो, आणि बहुतेक वेळा बसतही नाही.

परवा शेजारणीने आपली गोधडी वाळायला छपरावर टाकली. ती पॅनलच्या एका कोपऱ्यावर आली. बायकोने भाकरी तव्यावर तशीच सोडली, गुडघे दुखत असताना शिडी चढली आणि गोधडी ओढून खाली फेकली. "त्याच्यावर काही घालायचं नाही!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने तिला ओरडताना मी कधी ऐकले नव्हते. होडीवाल्याने खालून शिडी धरली होती. ती उतरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. भाकरी करपल्याचा वास येत होता.

ताडपत्रीचे तिला कुणी सांगितले, मला माहीत नाही. कदाचित कुणीच नाही.

मित्रांनो, माया करा, पण पांघरूण घालण्याआधी एकदा विचारा की, याचा श्वास कुठून चालतो? आणि तुमच्यावर कुणी काही सोपवून जात असेल, तर "ठेवते हो" म्हणण्याआधी त्याला थांबवून विचारा, की नक्की काय करू? मला विचारता आले नाही, सांगताही आले नाही. तुम्हाला दोन्ही येते.

आता संध्याकाळी दिवा लागतो तो मी लावलेला असतो. पूर्वी तासभर टिकायचा. हल्ली जेवण संपायच्या आतच पिवळा पडू लागतो. होडीवाला तारा हलवून पाहायला उठू लागतो, तेव्हा ती त्याचा हात धरून खाली बसवते.

"राहू द्या," ती म्हणते. "ताट दिसतंय."