लॅपटॉप मुका झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. बिरवाडीच्या सोनबाच्या बेंजो पार्टीत माझी हयात गेली. हळद म्हणू नका, शिमगा म्हणू नका, घसा फाटेस्तोवर वाजलो. लोक खूश असायचे.

मग सोनबाच्या मुलीने, अपेक्षाने, लॅपटॉप आणला. त्यात सनई, संबळ सगळं भरलेलं. वाजवायला फक्त पट्ट्या हव्या होत्या. तिचा चुलतभाऊ शुभम मुंबईहून नवा, हलका, स्वतःचा आवाजच नसलेला की-बोर्ड घेऊन आला. "त्या भंगाराचं काय काम हाय गो?" म्हणाला. मेला! अपेक्षाने दोन्ही वाजवून पाहिले. "नव्यावर हळू दाबा नायतर जोरात, सनई सारखीच. जुन्याला बोटातला जोर कळतो." तिने मलाच निवडलं. पण मला एका वायरने लॅपटॉपला जोडलं आणि स्पीकरची वायर माझ्यातून काढून त्याला लावली. बोटं माझ्यावर, आवाज त्याचा. फार लागलं मला ते.

यंदा शिमग्याला पोलादपूरकडच्या एका गावात पालखी नाचत होती. तिथला नेम असा, की बाजा वाजतोय तोवर पालखी खाली टेकवायची नाही आणि पालखी खांद्यावर असताना कोणी हात उगारायचा नाही. पहिला खांदा कोणाचा, यावरून दोन वाड्या दातओठ खात होत्या. रेटारेटीत लॅपटॉप पडला, पायांखाली चुरडला. बाजा थांबला. पालखी टेकली आणि काठ्या उठल्या.

बाप रे, काय मारलं एकमेकांना! कोणाचा तरी दात माझ्या पट्ट्यांवर येऊन पडला. सोडवायला गेलेल्या सोनबाच्या डोक्यात काठी बसली. तो कोसळला, तरी वरून लाथा चालूच.

"बाबा मरंल रे! सोडा त्याला!" अपेक्षा किंचाळली. कोण ऐकतो? तिने स्पीकरची वायर उपटून माझ्यात खुपसली. मी माझ्या चिरक्या सनईने बोंब ठोकली. एक काठी माझ्यावर आली. चार पट्ट्या उडाल्या, अपेक्षाची करंगळी मोडली. ती थांबली नाही, मीही नाही. शेवटी एकाने पालखीला खांदा दिला, मग दुसऱ्याने. पालखी उठली, काठ्या खाली आल्या.

सोनबा वाचला, पण आता कधीकधी लेकीचं नाव विसरतो. गावाने मला हार घातला, "देवच बोलला रे!" म्हणाले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, पावसात झाका. हार मात्र नको. बाजा थांबला की डोकी फोडायला मोकळं, हा कसला नेम? तो मोडा. मी म्हातारा झालोय, एखाद्या शिमग्याला मधेच बंद पडेन. तेव्हाही कोणाचा तरी बाप मध्ये उभा असेल.